साचा दुहेरी की फटका दुहेरी?

पंचवटीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपून देतो.

"काका, रामकुंडाच्या वाटेवर आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. नारळ, कापूर, फुलवाती. गल्ल्यात नोटा कमी, चिल्लरच जास्त. रात्री हिशेब करताना वेगळं दिसेल ते नाणं बाजूला काढायची सासऱ्यांची सवय होती, ती आता मला लागली आहे. सध्या तीन नाणी जमली आहेत. २०१३ चा दोन रुपया, त्यात सालाचे आकडे दुहेरी दिसतात. जुना मोठा एक रुपया, तो पलटला की सिंह आडवा होतो. आणि जाड पाच रुपया, एका बाजूला सिंह बरोबर, दुसऱ्या बाजूला तोच सिंह उलटा आणि आत दबलेला. हे तिसरं मी एकाकडून सहाशे रुपयांना घेतलं. पुतण्याने फोटो नेटवर टाकले, तर एकाचा फोन आला, दोन रुपयाच्या नाण्याला एक लाख ऐंशी हजार देतो, आधी रजिस्ट्रेशनचे अठराशे पन्नास भरा. भरू का? आणि खरं-खोटं घरच्या घरी कसं ओळखायचं? फोटो सोबत जोडले आहेत."

ताई, नमस्कार.

भरू नका. ज्याला नाणं विकत घ्यायचंय तो पैसे देतो, मागत नाही. असल्या लोकांनी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फी आणि कर उकळायला सुरुवात केली, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर पत्रक काढलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचा काही संबंध नाही आणि आम्ही कोणाला असे पैसे गोळा करायला नेमलेलं नाही. त्या माणसाचा नंबर ब्लॉक करा आणि पुतण्याला सांगा, ओटीपी बिटीपी काही दिला असेल तर आजच बँकेत जाऊन यायचं.

आता नाण्यांकडे वळू. टाकसाळीत चुकून वेगळं पडलेलं नाणं संग्राहक शोधत असतात. तुमच्या तिन्हींचा निकाल तीन तऱ्हांचा आहे. गंमत म्हणजे ज्याच्यावर तुमची सगळ्यात कमी आशा आहे, तेच टाकसाळीची खरी चूक निघालंय.

आधी दोन रुपया, कारण 'डबल डाय' म्हणून नेटवर जे काही विकलं जातं त्यातलं बरंचसं असंच असतं. तुमच्या घरी मोदकाचा साचा असेल, त्यावरून सांगतो. समजा साचा कोरतानाच कारागिराची छिन्नी सरकली आणि एक पाकळी दोनदा कोरली गेली. मग त्या साच्यातून तुम्ही गणपतीत एकवीस मोदक काढा की अंगारकीला एकशे एक, प्रत्येक मोदकावर ती पाकळी दुहेरीच उमटणार. हा झाला डबल डाय. आता साचा अगदी चांगला आहे, पण उघडताना तुमचा हात हलला. त्या एका मोदकाची कळी फरफटली, पुढचा मोदक ठीक. हे झालं फटक्याचं, म्हणजे नाण्यावर ठसा आपटतानाचं दुहेरीपण, ज्याला संग्राहक मशीन डबलिंग म्हणतात. तुमचं नाणं या दुसऱ्या जातीचं आहे.

टाकसाळीत हे कसं घडतं तेही समजून घ्या, म्हणजे दर वेळी कोणाला विचारायला लागणार नाही. नाणं पाडायचा पोलादी ठसा म्हणजे डाय. हा ठसा हाताने कोरत नाहीत. त्याच्याही आधी एक मूळ ठसा असतो, त्याला हब म्हणतात. हबवर नक्षी नाण्यासारखीच उठावाची असते. तो मऊ पोलादावर प्रचंड दाबाने दाबला की आत दबलेल्या नक्षीचा डाय तयार होतो. जुन्या रीतीत एका दाबात नक्षी पुरती उतरायची नाही. मग डाय काढायचा, तापवून पुन्हा मऊ करायचा, परत हबखाली बसवायचा. या दुसऱ्या बसवणीत तो केसभर जरी फिरला, तरी पहिली नक्षी एका जागी आणि दुसरी तिच्या शेजारी. पुढे त्या डायखालून जितकी नाणी पडतील तितकी सगळी दुहेरी.

याचं जगातलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं, फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतलं, १९५५ चा एक सेंट. साल आणि अक्षरं इतकी दुहेरी, की भिंग लागतच नाही. चूक लक्षात आली तोवर ती वीस हजारांवर नाणी बाकीच्या चांगल्या ढिगात मिसळली होती, आणि एवढा ढीग वितळवण्यापेक्षा जाऊ द्या म्हणून ती बाजारात सोडली. सिगारेटच्या मशीनमध्ये पंचवीस सेंट टाकले की तेवीस सेंटांचं पाकीट मिळायचं, आणि वरचे दोन सेंट पाकिटातच घातलेले असायचे. त्यातून ही नाणी लोकांच्या हाती पडली. आज ती हजारो डॉलरना जातात. पण त्याच सालच्या सेंटचा एक 'गरिबाचा डबल डाय'ही आहे. त्यात शेवटचा पाचाचा आकडा दुहेरी भासतो, आणि तो भास निव्वळ झिजलेल्या ठशाचा आहे. तेच साल, तेच नाणं, आणि किंमत जवळपास काही नाही. नवशिक्याने ही जोडी डोक्यात पक्की ठेवावी.

तुमच्या २०१३ कडे परत येतो. मी फोटो मोठा करून पाहिला. '३' च्या खालच्या अंगाला एक चपटी, चकचकीत पायरी आहे. ती आकड्यापेक्षा ठेंगणी आहे, जमिनीला, म्हणजे नाण्याच्या सपाट भागाला चिकटून. आणि खुद्द '३' नेहमीपेक्षा बारीक झालाय. इथेच सगळं कळतं. खरा डबल डाय आकड्याला जाडी देतो, कारण तिथे दोन आकडे शेजारी-शेजारी उभे असतात, दोन्ही गोलसर, दोन्ही उठावाचे. फटक्याचं दुहेरीपण मूळ आकड्याची जाडी खातं, कारण सैल बसलेल्या ठशाने नुकता उमटलेला आकडाच ढकलून चपटा केलेला असतो. दुसरी खूण अक्षरांच्या टोकांना. खऱ्या दुहेरीत टोकाशी बारीकशी खाच दिसते, साप जीभ काढतो तशी दुभंगलेली. तुमच्या नाण्यात कुठेही खाच नाही.

तिसरा प्रकार झिजलेल्या ठशाचा. हजारो फटके खाऊन ठसा दमला, की आकड्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात, आजूबाजूची जमीन संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते आणि आकड्याभोवती सावली पडते. यालाही भरपूर लोक फसतात.

आणि चौथा प्रकार मी स्वतः शोधून काढलाय, दोन ट्यूबलाइटचा! दुकानात डोक्यावर दोन दिवे असले की प्रत्येक आकड्याला दोन चकाकत्या कडा दिसतात. नाणं दिवसाच्या उजेडात, नाहीतर एकाच दिव्याखाली धरा आणि हळूहळू गोल फिरवा. दुहेरीपण फिरायला लागलं तर ते दिव्याचं, जागेवर राहिलं तर नाण्याचं.

तुमच्याकडे एक सोय आहे जी माझ्यासारख्या घरबशाकडे नाही, ती म्हणजे गल्ला. डबल डाय ठशात असतो, त्यामुळे त्याची भावंडं असतातच. तेच साल, तीच टाकसाळ आणि अगदी त्याच जागी तीच खाच असलेलं दुसरं नाणं सापडलं, तर छाती धडधडू द्यायला हरकत नाही.

टाकसाळ कोणती हे सालाच्या खालच्या खुणेवरून कळतं. हिऱ्यासारखा चौकोन मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. हे मुद्दाम लिहितोय, कारण "काका, सालाखाली एक एक्स्ट्रा ठिपका आलाय" असं पत्र दर महिन्याला एक तरी येतंच. तो नोएडाचा ठिपका असतो. नाशिककरांचा आणखी एक गैरसमज इथेच काढतो. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात, नाणी पाडत नाहीत. 'नाशिक मिंट'चं दुर्मीळ नाणं म्हणून एक रुपयाचं नाणं कोणी पुढे केलं, तर हसून पुढे जा.

आता तुमचा एक रुपया. तुम्ही दोनच ओळींत उरकलंय, पण खरी टाकसाळीची चूक हीच. आपल्या नाण्यांची रीत अशी आहे, की सिंह सरळ धरून नाणं वर-खाली दोन बोटांत पकडायचं आणि पुस्तकाचं पान उलटल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवायचं. मागची बाजूही सरळच उभी दिसली पाहिजे. तुमच्या फोटोत मागची दोन कणसं सरळ उभी असताना सिंह जवळजवळ आडवा झोपलाय. म्हणजे प्रेसमध्ये एक ठसा आपल्या जागेवर सैल होऊन फिरला होता. याला रोटेशन म्हणतात, फिरका ठसा म्हटलं तरी चालेल. दहा-पंधरा अंशांचा फरक कोणी मोजत नाही. नव्वदच्या आसपास गेला की संग्राहक विचारतात, आणि एकशे ऐंशी, म्हणजे पुरता डोक्यावर उभा, याला जास्त मागणी. शिवाय हे नाणं खोटं करणं अवघड. ठसा फिरलेला असतो टाकसाळीत, घरी बसून नाण्याची एकच बाजू फिरवता येत नाही. फक्त दोन नाणी अर्धी-अर्धी तासून चिकटवलेली नाहीत ना, एवढं कडेला नख फिरवून बघायचं.

किती मिळतील? लाख नाही, हजारही नाही. आपल्याकडे ही चूक बऱ्यापैकी सापडते, त्यामुळे घरच्या सगळ्यांची मिसळ सुटेल, एवढं धरून चाला. मी तुमच्या जागी असतो तर विकलं नसतं.

तिसऱ्या नाण्याचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. सहाशे गेले. आपल्या बाजारात ज्याला 'लाखी' म्हणतात ते नाणं दाखवून तुम्हाला विकलंय. खरी लाखी अशी होते: आधी पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून बसतं. पुढची कोरी चकती आली की तिच्या एका बाजूला ठशाची नेहमीची छाप बसते, आणि दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या नाण्याचा सिंह उलटा, आत दबलेला उमटतो. म्हणजे त्या दुसऱ्या बाजूला '५' कधी आलेलाच नसतो. तुमच्या नाण्याच्या दबलेल्या सिंहाखाली मला '५' ची पाठ आणि 'रुपये'मधला 'रु' चेपलेला दिसतोय. शिवाय चांगल्या बाजूच्या सिंहाच्या आयाळीचे उंचवटे बसलेत. कोणीतरी दोन पाच रुपये एकमेकांवर ठेवून ते वर्कशॉपच्या शिकंज्यात आवळलेत. हा धंदा अमेरिकेतही चालतो आणि आपल्या अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतही चालू शकतो, शिकंजा सगळीकडे सारखाच. यातून एक प्रश्न कायमचा घ्या. कुठलीही विचित्र चूक दिसली की स्वतःला विचारायचं, टाकसाळीत नाणं तयार होताना हे नेमकं कुठल्या पायरीवर घडलं असेल? पायरी सांगता आली नाही, तर ती चूक टाकसाळीबाहेर कोणीतरी घडवली आहे.

याच प्रश्नाने बाकीचं बरंच सुटतं. चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेलं नाणं घ्या, बाजारात त्याला क्लिप म्हणतात. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर कापणी चढली की चकती तुटकी निघते. अशी चकती पुढे कडा उचलायच्या यंत्रातून जाते. तिथे तुटलेल्या बाजूला पकडायला काही नसतं, म्हणून बरोबर समोरच्या कडेवरही दाब बसत नाही. म्हणून बहुतेक खऱ्या क्लिपमध्ये तुकडा गेलेल्या जागेच्या नेमकं समोरची किनार पुसट असते. कानशीने तासणाऱ्याला हे माहीत नसतं, त्याच्या नाण्याची समोरची किनार ठणठणीत असते. एवढी साधी परीक्षा दुसरी नाही.

दहा रुपयाच्या दोन धातूंच्या नाण्यात मधली चकती सरकलेली सापडते. बाहेरचं कडं आणि मधली चकती टाकसाळीत एकाच फटक्यात जोडली जाते आणि त्याच फटक्यात छाप बसते. म्हणून खऱ्या चुकीत चकती सरकलेली असली तरी छापील रेषा तिच्यावरून कड्यावर सलग जातात. कोणी मधली चकती ठोकून काढून परत बसवली असेल, तर रेषा जुळत नाहीत. आणि हो, दहाच्या नाण्यावर कधी पंधरा रेघा दिसतात, कधी दहा, याला चूक समजू नका आणि गिऱ्हाइकाला परतही करू नका. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलंय की तोवरच्या चौदाही तऱ्हा चलनात आहेत.

तुमच्याकडे कुंडातली नाणीही येत असणार, पोरं दोरीला चुंबक बांधून काढतात ती. ती जरा वेगळ्या डब्यात टाका. पाण्याने, शेवाळाने आणि दगडांवर घासून नाणं काळं पडतं, पातळ होतं, अक्षरं फुगल्यासारखी किंवा पुसल्यासारखी होतात. त्यात चुका शोधू नका, त्या गोदामाईने केलेल्या असतात. चुंबकाचा मात्र एक उपयोग आहे. स्टेनलेस स्टीलची नाणी, म्हणजे तुमचा तो जुना एक रुपया किंवा २०१३ चा दोन रुपया, चुंबकाला चिकटतात. तांबं-निकेलचा जाड पाच रुपया चिकटत नाही. जे चिकटायला हवं ते चिकटलं नाही, किंवा उलट झालं, तर वजन करा. दुसऱ्याच धातूच्या चकतीवर छाप पडण्याची चूक क्वचित घडते, पण घडली तर ती या बाकीच्यांपेक्षा मोठी असते.

सामान फार लागत नाही. दहापट दाखवणारं भिंग सराफ बाजारात मिळतं, सोनार वापरतात तेच. वीसपटीचं घेऊ नका, त्यात प्रत्येक ओरखडा डबल डाय वाटतो. एक छोटा काटा, पाव ग्रॅमचाही फरक दाखवणारा. स्टीलचा जुना मोठा एक रुपया ४.८५ ग्रॅमचा, जाड पाच रुपया ९ ग्रॅमचा. झिजलेल्या नाण्यात थोडी घट चालते.

आणि धुऊ नका. चिंच नको, लिंबू नको, रांगोळीची पूड तर नकोच. कॉलेजात असताना मला क्लिप असलेलं पन्नास पैशांचं एक नाणं मिळालं होतं. मी ते देवाच्या ताम्हनासारखं लखलखीत घासलं आणि अभिमानाने एका जुन्या संग्राहकांना दाखवायला नेलं. त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग चहा मागवला. तेवढ्यावर मी काय ते समजलो.

दुहेरी छापेचं वेड लागलंच आहे, तर आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी दुहेरी छाप बघून घ्या. १९०६ साली जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली. शत्रूला हरवलं, त्याची नाणी वितळवत बसायला वेळ कुठे, मारा वरून ठसा. सातवाहनांच्या टेकडीच्या खुणेखालून नहपानाचं नाक डोकावतं. चूक मुळीच नाही, पुरती जाणूनबुजून केलेली, पण खालची छाप आणि वरची छाप वेगळी करून पाहण्याची नजर तयार करायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज ही नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे. दुकान बंद असेल त्या दिवशी पुतण्याला घेऊन जा. त्याला नेटवर फोटो टाकण्यापेक्षा हे बरं.

आता तीन कामं. दोन रुपया गल्ल्यात परत टाका, पण त्याआधी त्या '३' च्या पायरीचा जवळून फोटो काढून ठेवा, पुढच्या दुहेरीशी ताडायला. एक रुपया पारदर्शक पाकिटात घाला आणि कागदावर तारीख, साल, टाकसाळीची खूण आणि 'गल्ल्यात सापडलं' असं लिहून सोबत ठेवा. आणि तो सहाशे रुपयांचा पाच रुपया फेकू नका. माझ्याकडेही तसाच एक आहे, शिकंज्यातला, तरुणपणी घेतलेला, तुमच्यापेक्षा महाग पडलेला. तो टेबलाच्या खणात वरच असतो. कोणी लाखी दाखवायला घेऊन आलं की आधी हा त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, सांगा बरं, यात '५' कुठे लपलाय.